डोक्याला कायदा, पायाला चप्पल

२५ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला एक विचित्र खुलासा करावा लागला. मोटार वाहन कायद्यातील सुधारणा त्याच महिन्याच्या एक तारखेपासून लागू झाली होती, दंडाच्या रकमा वाढल्या होत्या आणि मोबाइलवर याद्या फिरत होत्या. लुंगी नेसून गाडी चालवली तर दंड, अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला तर दंड, चप्पल घालून दुचाकी चालवली तर दंड! असा कोणताही दंड नव्या कायद्यात नाही, अफवांपासून सावध राहा, असे त्या कार्यालयाने जाहीर केले. आमच्या डोंबिवलीत चहाच्या टपरीवर ही बातमी वाचून लोक हसले आणि सुटलो म्हणाले.

मीही तसेच म्हटले असते. पण तोवर माझ्या डाव्या घोट्यात धातूची एक पट्टी आणि सहा स्क्रू बसून तीन वर्षे झाली होती. जुलैतली संध्याकाळ होती. घरापासून औषधाच्या दुकानापर्यंतचे अंतर दीड किलोमीटर. वेग ताशी वीस-पंचवीसच्या वर नसेल. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक सरकले, गाडी डाव्या अंगावर आडवी झाली आणि पाऊल फूटरेस्ट व डांबर यांच्यामध्ये सापडले. हेल्मेट होते, त्यामुळे डोक्याला खरचटलेही नाही. चप्पल पाच-सहा हातांवर जाऊन पडली होती. ती मात्र धड होती.

यातली खरी बोचणी वेगळीच. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करत होतो. तिथे आठ तास पायात सेफ्टी शूज असत आणि त्यांच्याशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकता येत नसे. पाळी संपली की ते कपाटात ठेवायचे, चप्पल घालायची आणि गाडीला किक मारायची. दिवसातला पायाला सर्वांत धोक्याचा तास सुरू होण्याच्या क्षणी आम्ही सगळे पायातले संरक्षण काढून ठेवत होतो. वीस-बावीस वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही खटकले नाही. अंथरुणावर पडून राहिलेल्या तीन महिन्यांत मला ते खटकले आणि मी विचारू लागलो, की दुचाकीस्वाराचे डोके कायद्यात आले, मग पाय बाहेर का राहिला? मी व्यवसायाने इतिहासकार नाही. वाचत, विचारत, जुने कायदे उलटत जे हाती लागले ते इथे मांडतो.

*

आधी डोक्याची गोष्ट पाहू, कारण ती नीट लिहिली गेली आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून पडला. सहा दिवसांनी तो मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लष्कराचे निरोपे, म्हणजे डिस्पॅच रायडर, मोठ्या संख्येने रस्त्यावर मरू लागले. केर्न्स यांनी १९४१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे दगावल्याचे दाखवले. हेल्मेट असते तर काय झाले असते, हेही त्यांनी मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचा उल्लेख नव्हता. १९७७च्या दुरुस्तीने ८५-अ हे कलम आले. १९८८च्या नव्या कायद्यात ते १२९वे कलम झाले. त्याच वर्षी अजय कानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेल्मेटसक्ती वैध ठरवली. स्वारावर बंधन घातले म्हणून त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, ते त्याच्याच जिवासाठी आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. तरीही पुण्यात हेल्मेटविरोधात काय काय झाले, ते वाचकांना सांगायला नको. पुढे १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह नसलेले दुचाकी हेल्मेट बनवणे व विकणे यावरही बंदी आली.

कायद्याने अंगाच्या इतर भागांचा विचार केलाच नाही, असे मात्र नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम पाहा. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची सोय हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी झाकलेले नसावे, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला ‘साडी गार्ड’ म्हणतो तो या नियमातून येतो. साडीचा पदर कायद्यात आला. पाय कुठे ठेवायचा तेही आले. त्या पायात काय असावे, हे मात्र आले नाही.

याचे एक कारण मोजणीत आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मरण मोजले जाते. बाकीचे ‘गंभीर जखमी’ आणि ‘किरकोळ जखमी’ या रकान्यांत जातात. हाड मोडले की भारतीय दंड संहितेच्या ३२०व्या कलमाने ती ‘जबर दुखापत’ होत असे. पण ते हाड मनगटाचे की घोट्याचे, हे त्या रकान्यातून कळत नाही. पाऊल चिरडून माणूस सहसा मरत नाही. त्याची नोकरी जाते, जिने चढणे जाते, लोकलमध्ये उभे राहणे जाते. असे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

*

दुसरे कारण जुने आहे. मराठीत ‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण आहे. पायात घालायची वस्तू कमी प्रतीची, ती बनवणारा हात कमी प्रतीचा आणि पायही शरीरात सर्वांत खालचा, अशी ही उतरंड आहे. काही जातींना वरच्या वस्तीतून पायतण घालून जाण्याचीही मुभा नव्हती. डोक्यावरची पगडी मानाची आणि पायातला जोडा दाराबाहेरचा.

इंग्रजांनी या उतरंडीत आपली भर घातली. १८५४च्या एका सरकारी ठरावाने युरोपीय बूट-मोजे घालणाऱ्या हिंदी माणसाला ते न काढता दरबारात येण्याची मोकळीक दिली. देशी जोडे मात्र काढूनच आत यायचे. १८६२ मध्ये सुरतच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला आणि त्यावरून मोठा वाद झाला. या सगळ्यातून ‘बूट’ ही साहेबाची, कचेरीची, रुबाबाची वस्तू ठरली. पायाचे रक्षण हा तिचा मूळ हेतू मागे पडला.

आपल्या घरची वस्तू म्हणजे वहाण. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, उन्हात पायाला वारा लागेल अशी उघडी रचना. चालण्यासाठी आणि उंबऱ्यावर झटक्यात काढण्यासाठी तिच्यासारखी वस्तू नाही. देवळात, घरात, दवाखान्यात दिवसातून दहा वेळा पाय मोकळे करणाऱ्या समाजाने ती घडवली आहे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने डांबरावर घासणाऱ्या पायासाठी ती कोणीच घडवली नव्हती. त्यामुळे दोष चपलेकडे जात नाही, तिला भलत्या जागी नेणाऱ्या आपल्याकडे जातो.

*

मग बूट आपल्याकडे संरक्षणाची वस्तू म्हणून आला कुठून? माझ्या वाचनात तीनच वाटा सापडल्या. त्या तिन्ही वाटांवर बूट देणारा धनी आहे.

पहिली वाट लष्कराची. घोडदळाला लागणारे खोगीर, लगाम आणि बूट यांसाठी कानपुरात सरकारी कारखाना उभा राहिला. तिथेच पुढे कूपर ॲलन कंपनी लष्करी बुटांसाठी नावाजली. महायुद्धात मोटारसायकलवरच्या निरोप्यांसाठी पोटरीपर्यंत चढणारा, वर पट्ट्याने आवळायचा वेगळा बूट ब्रिटिश सैन्याने काढला. कल्याणच्या शेजारी त्याच युद्धात लष्कराची मोठी छावणी होती. १९४९ मध्ये तिथे सिंधी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले आणि आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतात. छावणीचे नाव मागे राहिले, पण फौजी बुटाची सवय आजूबाजूच्या गावांत आली नाही.

दुसरी वाट खाणीची. १९५७च्या कोळसा खाण विनियमांत खाणीत उतरणाऱ्याच्या पायात संरक्षक जोडा असलाच पाहिजे अशी तरतूद होती. तिसरी वाट कारखान्याची आणि ती आमच्या दारावरून जाते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. मग डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्टा आला. या कारखान्यांनी हजारो मराठी पायांत पहिल्यांदा लोखंडी टोपीचे बूट घातले. आजच्या मानकानुसार त्या टोपीने दोनशे ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटरवरून बोटांवर पडले तरी बोटे वाचली पाहिजेत.

फौज, खाण, कारखाना. तिन्ही ठिकाणी पाय मोडला तर धन्याचे नुकसान होते, म्हणून धनी बूट देतो आणि ते घालण्याची सक्तीही करतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर तो पाय पुन्हा आपला एकट्याचा होतो. माझ्या कपाटात राहिलेल्या सेफ्टी शूजचा खुलासा मला इथे मिळाला.

*

गाड्यांनीही आपल्याला चपलेकडे ढकलले. जुनी फटफटी पायाकडून काही मागत असे. बुलेटची किक उलटली तर नडगी फुटायची, त्यामुळे तिच्यापुढे उभा राहणारा माणूस निदान जोडा तरी घालायचा. स्कूटरने ती धास्ती घालवली. १९४६ मध्ये इटलीत कोरादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने व्हेस्पा आखली, तेव्हा त्याला मोटारसायकल आवडत नव्हती. कपडे मळू नयेत, साखळीचे तेल लागू नये, बुटाने गिअर ओढावा लागू नये, म्हणून त्याने पुढे ढाल लावली, पाय ठेवायला सपाट फळी दिली आणि गिअर हातात आणला. हीच व्हेस्पा बजाजने परवान्याखाली आपल्याकडे बनवली आणि भांडुपच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा आली. १९७२च्या चेतकने तर मध्यमवर्गाचा संसार ओढला. मागे साडी नेसलेली बायको एका अंगाला बसलेली, पुढे मूल उभे आणि चालवणाऱ्याच्या पायात चप्पल, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये आहे. ढालीमागे पाय सुरक्षित वाटतो. स्कूटर आडवी पडेपर्यंत तो असतोही.

१९८५ मध्ये सीडी-१०० आली आणि मोटारसायकल पुन्हा घरोघरी झाली. पण आपल्या रोजच्या मोटारसायकलींचा गिअर टाचेनेही दाबता येतो. पावलाचा वरचा भाग दांडीखाली घालून ती उचलण्याची गरज पडत नाही, म्हणून चपलेवरही काम भागते. त्यानंतरच्या बिनगिअरच्या स्कूटरने पायाला कामच ठेवले नाही.

त्यात आमच्या भागाचा रिवाज वेगळा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला दुचाकीस्वार हा मुळात रेल्वेचा प्रवासी आहे. सकाळी दहा मिनिटे गाडी चालवायची, स्टेशनबाहेर पार्किंगमध्ये लावायची, ८.१२ची जलद पकडायची. दहा मिनिटांसाठी बूट कोण घालणार आणि घातला तर दाटीवाटीत कुर्ल्यापर्यंत कसा न्यायचा? हा प्रश्न खोटा नाही. मात्र माझे पाऊल मोडले ते दीड किलोमीटरच्या आत.

*

पायाचा अभ्यास जगात झाला, तो उशिरा झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन केलेली पाहणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. जाड बूट, जाकीट, हातमोजे यांनी खरचटणे आणि फाटणे टळते किंवा कमी होते, असे त्यांनी नोंदवले. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातात सापडलेल्या २१२ स्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे. मोटारसायकलसाठी न बनवलेल्या साध्या घोट्यावरच्या बुटांनीसुद्धा, कमी उंचीच्या जोड्यांच्या वा कॅनव्हास शूजच्या तुलनेत, पावलाच्या दुखापतीचा धोका निम्म्यावर आणला होता. तुलना इथे जोड्यांशी आहे, चपलेशी नाही.

खास बूट बनवणारे मुळात डोंगरवाले होते. उत्तर इटलीतल्या सिडी (१९६०) आणि अल्पाइनस्टार्स (१९६३) या कंपन्या गिर्यारोहणाच्या जोड्यांपासून सुरू झाल्या आणि मग चिखलातल्या शर्यतींच्या बुटांकडे वळल्या. घोटा वळू नये, तळ वाकून मोडू नये, ही डोंगराची गरज रस्त्यालाही लागू पडली. पुढे युरोपने ईएन १३६३४ हे मानक केले. बुटाच्या आतल्या शिक्क्यावर मोटारसायकलचे चित्र आणि चार आकडे असतात. पहिला आकडा उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा धारदार आघाताने न चिरण्याचा आणि चौथा आडव्या दाबाला न चेपण्याचा. प्रत्येक आकडा एक किंवा दोन असतो. दोन म्हणजे अधिक बळकट. जोडीला ‘आयपीए’ असेल तर घोट्याला गादी आहे, ‘आयपीएस’ असेल तर नडगीला, ‘डब्ल्यूआर’ असेल तर पाणी सहजी शिरत नाही आणि ‘एफओ’ असेल तर तळ पेट्रोल-तेलाने खराब होत नाही.

माझा घोटा गेला तो चौथ्या आकड्याच्या अभावी. गाडी अंगावर पडते तेव्हा पाऊल दोन्ही बाजूंनी चेपले जाते. कारखान्याचा सेफ्टी शू बोटे वाचवतो, पण बाजूने तो मऊ असतो आणि त्याची जाड टोपी गिअरखाली नीट जात नाही. तरी चपलेशी तुलना केली तर तो कितीतरी पटींनी बरा.

*

आता लोक मला विचारतात, म्हणून दुकानात काय पाहावे तेही लिहितो. घोट्याची दोन्ही हाडे पूर्ण झाकली गेली पाहिजेत. त्याहून कमी उंचीचा जोडा दिसायला कितीही दणकट असला तरी तो सोडून द्या. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा, तो सहज आत जाऊ नये. बूट दोन हातांत धरून कपडा पिळावा तसा पिळा, तळ वेडावाकडा झाला तर नको. मग बूट घाला, आवळा आणि कोणाला तरी टाच धरून ओढायला सांगा. हाताने निघाला तर रस्त्यावर नक्की निघेल. नाड्या असतील तर त्या आत खोचायची किंवा झाकायची सोय हवी. लोंबती नाडी फूटरेस्टला अडकली तर सिग्नलला पाय टेकायच्या वेळीच माणूस पडतो. तळ खाचांचा हवा, पण इतका जाड नको की ब्रेक किती दाबला ते कळू नये. खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. आणि शक्य तर आपल्याच गाडीवर बसून गिअर टाकून पाहा.

आपला पाऊस हा वेगळा विषय. पाणी न शिरणारा बूट घेतला आणि पँट आत खोचली, तर पाणी वरून शिरते आणि आतच साचते. रेनकोटची पँट बुटावरून बाहेर हवी. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये, कातडे तडकते. न पुसता कपाटात ठेवलेल्या बुटाला श्रावण संपेपर्यंत बुरशी धरते. मुरबाडवरून माळशेजकडे रविवारी निघणाऱ्या पोरांसाठी तर हे हेल्मेटइतकेच महत्त्वाचे.

महाग बूट परवडत नसेल त्याने लाजू नये. धारावीत आणि कुर्ल्याजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पिढ्यान् पिढ्या कातडे ओळखणारे हात आहेत. घोट्याच्या वर चढणारा, टाच कडक असलेला, नीट शिवलेला साधा कातडी बूट हा निम्मा धोका टाळतो, हे त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाने दाखवलेच आहे. अफवेने सुचवलेला कायदा व्हावा, असे मला वाटत नाही. चपलेला दंड लावला तर तो आधी भरेल तो दूधवाला, कुरियरवाला आणि जेवणाची पाकिटे पोचवणारा मुलगा. माझी मागणी वेगळी आहे. हा मुलगा दिवसाचे दहा-बारा तास कुणाच्या तरी धंद्यासाठी रस्त्यावर असतो. मग खाण आणि कारखाना यांच्याप्रमाणे त्याला बूट देणारा धनी का नसावा? त्याच्या अंगावर कंपनीच्या नावाचा टी-शर्ट असतो आणि पाठीवर कंपनीची पेटी. पायात घरची चप्पल.

मी स्वतःपुरता उलटा क्रम लावला आहे. गाडीवर बूट आणि डिकीत चप्पल. पार्किंगमध्ये बूट काढून पिशवीत टाकतो, चपलेवर लोकल पकडतो. पहिले काही दिवस पार्किंगवाला पाहून हसत असे. गेल्या पावसाळ्यात त्याने विचारले, ‘काका, हे किती नंबरचे? आमच्या पोराला बघायचेत.’ मी एक बूट त्याच्या हातात दिला आणि म्हटले, आधी टाच दाबून बघ.